रजेच्या दिवशी चाललेलं मशीन

३ फेब्रुवारी. आज दुपारच्या आत नव्या कॉम्प्युटरचे भाग ठरवून दुकानदाराला कळवायचे आहेत. सुरतेत उधन्याला माझं साड्यांच्या डिझाइनचं छोटं काम आहे, तिथलं सगळ्यात जुनं मशीन आता मोठा पदर उघडताना धापा टाकतं. माझी मुलगी या बाबतीत माझ्यापेक्षा पुढे आहे. तिनं सकाळीच फोन करून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क सगळं घडाघडा सांगितलं. मी विचारलं, "हा प्रोसेसर वीज किती खातो? आणि पॉवर सप्लाय कोणता घालायचा?" ती हसली. "मम्मी, लोक स्पीड विचारतात. तू मीटरचं रीडिंग घेणाऱ्या माणसासारखं काय विचारतेस?" गॅसवर भाजी होती म्हणून मी फोन ठेवला. पण या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते लिहून ठेवायला हरकत नाही.

माझं लग्न व्हायच्या आधी आम्ही लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचो. शेडला सुरतेत खातं म्हणतात. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि खात्याची भिंत एकच. लूम सुरू असले की भांड्यांच्या मांडणीवरच्या वाट्या हळूहळू कडेला सरकायच्या आणि माय येता-जाता त्या आत ढकलायची. पाहुणे विचारायचे, या आवाजात झोपता कसे? आम्हाला उलट आवाज थांबला की जाग यायची. बोलणं सगळ्यांचंच मोठ्यानं. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले तेव्हा सासूबाईंना वाटलं, ही भांडायलाच आली आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच खात्यात मास्टर होते. लूम बिघडला की दुरुस्त करायचा, कारागिरांना कामाला लावायचं, शेठला हिशोबाचं काय ते सांगायचं. आयुष्य त्या आवाजात गेल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, पण मशीन चालतं आहे की नाही हे ते कानानं ठरवतच नसत. तळहात ठेवायचे. लूम, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, अगदी शेजाऱ्यांचा नवा फ्रिजसुद्धा त्यांनी असाच तपासला होता.

घरात माय-आप्पा अहिराणी बोलायचे, मी शाळेतली मराठी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी किंवा गुजराती. आमच्या गल्लीतल्या बायका घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायच्या. मायही चिकटवायची. मांडीवर साडी, बाजूला गोंदाची वाटी, चिमट्यानं एकेक खडा. त्या गोंदाचा वास भाकरीला लागायचा, ठेच्याला लागायचा, आमच्या केसांना लागायचा. मी मोठी झाल्यावर तेच करणार हे कोणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं काही ठरलेलंही नव्हतं. मला ते काम आवडत नव्हतं. कारण साधं होतं: नक्षी दुसऱ्या कोणाची, आपण फक्त खडे लावायचे, आणि दुपारपर्यंत मान आखडायची.

म्हणून मी सुरतेतच कतारगामला किरणभाईंकडे जाऊ लागले. त्यांच्याकडे जेकार्डचं डिझाइन व्हायचं. जेकार्ड म्हणजे साडी विणताना धाग्यातच नक्षी उठवायची पद्धत. तिच्यासाठी आधी प्रत्येक उभ्या-आडव्या धाग्याचा एक चौकोन धरून सगळी नक्षी चौकोनांत बसवावी लागते. पूर्वी ते आलेखाच्या कागदावर रंगवायचे, आता कॉम्प्युटर आले होते. मी कागदावर शिकले आणि मग खुर्चीवर बसले. हात चांगला आहे असं किरणभाई म्हणायचे, तेही मी समोर नसताना.

मग त्यांनी जागा बदलायची ठरवली. सुरतेबाहेर सचिन नावाचं गाव आहे, तिथे एका मोठ्या कारखान्याच्या आवारात त्यांना जागा मिळत होती. मला म्हणाले, "वैशालीबेन, सचिन आवशो?" मी वाटेचा विचार केला. दोन वेळा वाहन बदलायचं, परत येताना अंधार, आणि घरी सकाळचं पाणी भरायला मीच. नाही म्हणाले. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, मग घरी मशीन घ्या, काम घरी पाठवतो. पण आधी एक साडी घरून करून दाखवा, काठ आणि पूर्ण पदर, पुढच्या रविवारपर्यंत. जमलं तर काम तुमचं. नाही जमलं तर खुर्ची दुसऱ्या मुलीला, ती सचिनला यायला तयार आहे. बोलणं सरळ होतं, मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. घरी येऊन मायला सांगितलं तेव्हा ती चिमटा खाली न ठेवता म्हणाली, "नही जमनं ते खडा शेतसच." नाही जमलं तर खडे आहेतच. तिनं ते धीर देण्यासाठी म्हटलं होतं. मला त्याचीच भीती होती.

मशीनसाठी मायची भिशी उघडली आणि आप्पांनी हातभार लावला. तयार कॉम्प्युटर परवडण्यासारखा नव्हता; भाग निवडून जुळवून घ्यायचा होता. आणि भाग निवडायचं म्हटल्यावर आप्पांना उत्साह आला, कारण हे त्यांना कळत होतं. लूमही असाच उभा राहतो. सांगाडा एकाचा, मोटर दुसऱ्याची, पट्टा तिसऱ्याकडून. दुकानात गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, "मोटर कौनसी?" दुकानदार जिग्नेश म्हणून तरुण होता, त्याला पटकन समजलं. त्यानं प्रोसेसर दाखवला. बिस्किटाएवढा चौकोन. आप्पांनी तो तळहातावर घेऊन वजन केलं आणि माझ्याकडे पाहिलं, ही मोटर? जिग्नेश म्हणाला, "काका, ये सबसे बडा है. इसके ऊपर अभी कुछ आया ही नहीं."

मला तो नको होता. किरणभाईंकडच्या मशीनवर मी पाहिलं होतं की काम अडतं ते दुसरीकडे. बुट्टा काढताना, काठ काढताना मशीन मागे पडत नसे. पूर्ण पदर उघडला की मात्र डिस्क कुरकुरायला लागायची आणि पडदा गोठायचा. एकदा तिथल्या एका मशीनमध्ये रॅम वाढवली आणि ते मशीन, तेच जुनं, सुतासारखं चालायला लागलं. म्हणून मला मधला प्रोसेसर आणि जास्तीत जास्त रॅम हवी होती. मी हे दुकानात सांगितलं. जिग्नेशनं मान हलवली आणि आप्पांकडे बघून बोलत राहिला. आप्पा म्हणाले, लूमला मोटर लहान लावली की पहिल्याच जड साडीला पट्टा घसरतो. रॅम-बिम मागून टाकता येईल, मोटर मागून बदलत नाही. सगळ्यात मोठा प्रोसेसर घेतला. त्यात पैसे गेल्यावर रॅम कमी पडली आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट येतो तोच राहिला.

आज कोणी मला असं सांगितलं तर मी दुकानातून उठून जाईन. तेव्हा उठले नाही. आप्पांनी सगळ्यात मोठ्याचाच हट्ट का धरला, ते मला नंतर कळलं. शेठनं खात्यात नवे, आपोआप चालणारे लूम आणायचं ठरवलं होतं, आणि त्यांच्यासाठी आयटीआय झालेला एक मास्टर येणार होता. आप्पांनी हे घरात सांगितलं नव्हतं. खात्यात मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझ्या पोरीसाठी कॉम्प्युटर घेतो आहे, सगळ्यात मोठा.

आप्पांना वेळ मंगळवारीच मिळायचा. आमच्या पट्ट्यात मंगळवारी सगळ्या खात्यांना रजा असे. म्हणून मंगळवारी आम्ही मशीन आणलं, मंगळवारीच जिग्नेशनं येऊन जोडलं, मंगळवारीच नारळ फोडला. मायनं कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मॉनिटरला हार घातला, तो काढल्याशिवाय काही दिसेना. खात्यातले चार-पाच जण बघायला आले. मायनं सकाळीच बट्ट्या तळल्या होत्या, वर दाळ, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात ताटली दिली. आप्पांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. "चालू शे का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, चालू आहे. "आवाज बी नही," ते पाहुण्यांना म्हणाले, जणू आवाज नसणं ही त्यांनीच मुद्दाम मागून घेतलेली सोय होती. दिवसभर मशीन उत्तम चाललं. मी काठ जवळजवळ संपवला.

बुधवारी सकाळी लूम सुरू झाले, मी मशीन लावलं आणि थोड्या वेळात पडदा काळा झाला. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मी पुन्हा काम उघडलं. पुन्हा बंद. जे काढलं होतं ते गेलं. मी दर फुलानंतर साठवायला लागले, मग दर पाकळीनंतर. संध्याकाळपर्यंत माझ्या हातात एक कोयरी होती. गुरुवारी कॅबिनेट रिक्षात घालून जिग्नेशकडे नेलं. त्याच्याकडे ते अर्धा दिवस बिनतक्रार चाललं. "मशीन तो मक्खन है, बेन. घर की वायरिंग देखो." संध्याकाळी मी हे सांगितलं तेव्हा आप्पा भडकले. "त्यानी माले वायरिंग शिकाडी? माले?" त्यांनी घरातला प्रत्येक प्लग उघडून पाहिला. वायरिंग ठीक होतं. मग ते म्हणाले की माल खराब आहे, येत्या मंगळवारी मी स्वतः येतो आणि बदलून घेतो. रविवार मंगळवारच्या आधी येत होता. हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांना माहीत होतं.

शुक्रवारी मी हट्टानं बसले. बंद, सुरू, बंद, सुरू. दुपारी मात्र बराच वेळ मशीन चालत राहिलं. मी पदराची एक पूर्ण ओळ केली. मग पुन्हा काळं. मी मागे टेकून बसले आणि वाट्या मांडणीवर सरकताना ऐकू आल्या. त्या आताच सरकायला लागल्या होत्या. म्हणजे मधल्या वेळात लूम बंद होते. पाळी बदलत होती. पाळी बदलताना माझं मशीन चाललं आणि लूम सुरू झाल्यावर पडलं. मी स्वयंपाकघरात गेले. माय शेंगदाणे भाजत होती.

"माय, जरा मिक्सर लाव."

"आते?" ती म्हणाली. "खातं चालू शे ना. मिक्सर रजाना दिन लावसू."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला चटणी हवी आहे. "कूटी देऊ का?" तिनं विचारलं, खलबत्त्याकडे हात करत.

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. खाती चालू असली की गल्लीत वीज मंद व्हायची. ट्यूबलाइट फडफडायची, पंखा ओढल्यासारखा फिरायचा, मिक्सर रडायचा. म्हणून काळा मसाला मंगळवारी, इस्त्री मंगळवारी, पाण्याची मोटर पाळी बदलताना. माय हे न विचार करता करायची, मीही तसंच शिकले होते. आप्पा तर रोज ती लाइन वापरणारेच. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नाही. मला वाटतं, आम्ही त्याला आमच्यातला धरलाच नव्हता. मिक्सर आमचा होता, लूम आमचे होते. कॉम्प्युटर थंड खोलीतून, शिकलेल्या लोकांकडून आलेला; त्याला हार घालायचा, त्याला वीज कमी पडेल हा विचारही कोणी करायचा नाही. किरणभाईंकडे टेबलाखाली फडक्यानं झाकलेली एक जड पेटी असायची, मी रोज तिच्यावर पाय ठेवून बसायचे. ती म्हणजे वीज एकसारखी ठेवणारा स्टॅबिलायझर होता.

पुढचं गणित सोपं होतं. आमच्या त्या मोठ्या प्रोसेसरला वीज जास्त लागत होती, फुकटच्या पॉवर सप्लायला ती मंद लाइनवर देता येत नव्हती. प्रोसेसर परत करून मधला घ्यायचा, उरलेल्या पैशात चांगला पॉवर सप्लाय, स्टॅबिलायझर आणि रॅम. सगळं बसत होतं. मी मायला सांगितलं.

"तुना बापले कोण सांगी?" ती म्हणाली.

"तू सांग."

"मी शेवभाजी करसू," माय म्हणाली. "सांग तू."

आप्पा आले, हात धुतले, जेवायला बसले. शेवभाजी पाहून त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मी सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागत असल्यामुळे अर्ध्या गल्लीनंही ऐकलं असणार. ते म्हणाले, स्टॅबिलायझर घे, पण मोटर तीच ठेव. मी म्हटलं, दोन्ही बसत नाही, आणि रॅमशिवाय पदर उघडणार नाही. ते म्हणाले, एकदा मोठी घेतल्यावर लहान कोण घेतं? मी विचारलं, "खात्यात लाइन मंद पडली की तुम्ही काय करता?"

"काही लूम बंद करस."

"मग?"

त्यांनी भाकरी मागितली. मायनं वाढली. त्यांनी ती पूर्ण खाल्ली आणि मगच बोलले, इतक्या हळू की आमच्या घरात तसं कोणी बोलत नसे. "लोकस्ले मी काय सांगू? समदास्ले सांगेल शे, सगळास्मा मोठं." आणि मग त्यांनी त्या नव्या मास्टरची गोष्ट सांगितली. मायला ती आधीच माहीत होती असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी त्यांच्या ताटात शेवभाजी वाढली. बोलून माणसाचं ओझं कमी होताना मी फारसं पाहिलेलं नाही. पण मी माझं म्हणणं मागेही घेतलं नाही. रविवार परवा होता.

हात धुऊन ते बाहेरच्या खोलीत गेले, कॅबिनेटवर तळहात ठेवला. मशीन बंद होतं. "थंड शे," म्हणाले. आणि दारातून बाहेर जाताना, मागे न बघता, "तुले जे लागस ते लई ये."

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर बसले होते. जिग्नेश कुलूप काढता काढता ऐकत होता. "बेन, लोग नीचे से ऊपर जाते हैं. आप ऊपर से नीचे आ रही हो."

"ऊपर तक हमारी बिजली नहीं आती," मी म्हटलं. तो हसला आणि प्रोसेसर परत घेतला. माल परत घेणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं, हे लिहायला हवं. जोडताना मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. पंखा कसा उचलतात, पांढरी पेस्ट किती लावतात, रॅमची पट्टी कोणत्या बाजूनं बसते. त्यानंतर माझी मशीन मीच जोडत आले आहे.

घरी आले तेव्हा लूम पूर्ण जोरात होते. स्टॅबिलायझर लावला, त्यानं खट् केलं, मशीन सुरू झालं आणि सुरू राहिलं. मी पूर्ण पदर उघडला. तो उघडला. जेवणाच्या सुट्टीत आप्पा घरी आले आणि त्यांच्याबरोबर खात्यातले दोघं, बुधवारपासून काय चाललं आहे ते बघायला. त्यातल्या एकानं माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, मास्टर, हेच का ते सगळ्यात मोठं? मी मान वर केली नाही. मला आप्पांच्या वतीनं खोटं बोलायचं नव्हतं आणि त्यांना उघडं पाडायचंही नव्हतं.

"ते परत करं," आप्पा म्हणाले. ते नेहमीसारखे मोठ्यानं बोलले, गल्लीला ऐकू जाईल असे. "आठे ते चालत नही. हाई चालस." इथे ते चालत नाही, हे चालतं. मग त्यांनी माणसांना स्टॅबिलायझर दाखवला, त्याच्यावर तळहात ठेवायला लावला, तो कसा गुरगुरतो ते सांगितलं. निदान त्याला आवाज होता. ते बराच वेळ त्याच्याबद्दल बोलत राहिले, आणि त्यातलं अर्धं चूक होतं.

मी संध्याकाळपर्यंत उठले नाही. मायनं ताट टेबलावर आणून ठेवलं, ते गार झालं, तिनं ते उचलून नेलं आणि खडे चिकटवायला बसली. दिवे लागताना उरलेला काठ आणि पदर, दोन्ही पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, डिझाइनची सीडी जुन्या वहीत दाबून ठेवली आणि कतारगामला गेले. किरणभाईंचं सामान अर्धं बांधलेलं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच पदर पडद्यावर उघडला, मोठा केला, एका कोयरीपाशी थांबले, दुसऱ्या कोयरीपाशी थांबले. मग खोक्यातून एका नव्या साडीचा नमुना काढून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, एकानं भागणार नाही, दोन द्या. एक साधी, आत्तासाठी, आणि एक जड पदराची, मंगळवारसाठी. त्यांनी विचारलं, मंगळवारच का? मी सांगायला सुरुवात केली, की त्या दिवशी खात्यांना रजा असते, आमच्याकडे जड काम त्याच दिवशी, मिक्सरसुद्धा; पण माझी बस होती, म्हणून दोन्ही नमुने घेतले आणि निघाले.